स्टेजमागचे जाळे

१४ एप्रिल
१. मुन्नाचे, म्हणजे धाकट्या भावाचे, लग्न ठरले. तीस तारखेला, इथेच दिघोरीला.
२. स्टेजमागचा फ्लेक्स मी डिझाइन करीन, असे मी जाहीर केले. कोणी विचारले नव्हते.
३. भंडाऱ्याला फ्लेक्स छापणाऱ्या भूषणचा नंबर घेतला. कामापुरता.

रेडिमेड कमळे आणि मोर वापरणार नाही. माझे काम सीमलेस पॅटर्नचे: एकच चौकोन, कडा अशा जुळवलेल्या की शेजारी-शेजारी कितीही लावा, जोड दिसत नाही. जिल्ह्यात हे दुसऱ्या कोणाला जमत असल्याचे ऐकिवात नाही.

१६ एप्रिल, सकाळी
बाबांचे जाळे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाळत होते. फोटो काढला. सोनेरी रंगावर फिकट जाळे: लग्नाला शोभेल, मासेमारी करणाऱ्या घरालाही. बाबा म्हणाले, "जाळं कायले लावून राहिली स्टेजवर? लोक म्हणतील, पोराले फसवलं."
यापुढे घरात डिझाइनवर चर्चा नाही.

१९ एप्रिल
त्या फोटोचा चौकोन तयार. चारही कडा झूम करून तपासल्या. निर्दोष. मधला भाग तपासत बसले नाही. चूक असते ती कडेलाच.

२१ एप्रिल
भूषणचा फोन. चौकोनात काहीतरी लालसर दिसतेय म्हणाला. त्याचा मॉनिटर जुना असावा, असे सौम्यपणे सांगितले. आधी छोटा नमुना छापू म्हणाला. नको म्हटले. नमुना नवख्यांना लागतो.
फोन लांबला, विषय तांत्रिक होता. त्याच्या घरी हातमाग आहेत, आणि त्याने झिंगे कधी खाल्ले नाहीत, हेही कळले. फक्त नोंद.

२९ एप्रिल
उद्यासाठी सोनेरी साडी काढली. फ्लेक्सशी रंग जुळतो म्हणून.
भूषण फ्लेक्स घेऊन स्वतः येणार आहे. गुंडाळी एसटीनेही आली असती. त्याच्या वेळेचे नियोजन कच्चे दिसते.

३० एप्रिल
फ्लेक्स टांगला. जोड कुठेच दिसला नाही.
झिंगा दिसला. जाळ्यात अडकून वाळलेला एक झिंगा, प्रत्येक चौकोनात, त्याच जागी, मिशा डावीकडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मुलीची आई ललिताबाई पोट धरून हसल्या. नवरा-नवरीपेक्षा जास्त फोटो झिंग्यांचे निघाले. बाबा खुर्ची ओढून समोरच बसले. "रंजू, एवढे झिंगे मले जिंदगीत नाही भेटले, बाई."
भूषण शेजारी येऊन उभा राहिला. मी खुलासा तयार ठेवला होता. 'मी म्हटलं होतं' असे काही तो बोलला नाही. बराच वेळ फ्लेक्स पाहून म्हणाला, "जोड मात्र खरंच सापडून नाही राहिला."
मी त्याला दोनदा सरबत आणून दिले. उन्हामुळे असेल.

१ मे
काम संपले. भूषणशी संपर्क संपला. नंबर डिलीट करणार.

३ मे
नंबर ठेवला. बॅकअप म्हणून.
अड्याळहून मंजुषामावशीचा फोन. तिच्या मुलीच्या लग्नाला तसाच फ्लेक्स हवा. झिंग्यासकट.

५ मे
मॉनिटरविषयी सविस्तर मेसेज लिहिला. पुसला. शेवटी पाठवला तो हा:

"भूषणजी, तुमचा मॉनिटर ठीक आहे. मधला भाग मी तपासला नव्हता. येत्या रविवारी आमच्याकडे झिंग्यांची भाजी आहे. तुम्हाला जेवायला मी बोलावते आहे. घरी अजून सांगितलेले नाही. झिंग्यांसाठी बाबांना तलावावर पाठवावे लागेल, म्हणून येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवावे. रंजू."