नणंदबाईंची खोली आणि तिथला दिवा

या आठवड्यात घरात आलेले सामान: थोरल्या मुलाने पाठवलेला एअरकंडिशनर एक, किंमत कळवलेली नाही, हमाली दोनशे रुपये मी दिली. एलईडी दिवे दोन, रुपये एकशे साठ. माझ्या तपासणीचा रिपोर्ट, रुपये नऊशे. त्यात जे लिहिले आहे ते मला आधीच ठाऊक होते. हा कागद, रुपये पाच.

या पाच रुपयांच्या कागदावर मी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला स्मरून लिहून ठेवते की शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी हात धरून लिहवून घेतलेले नाही. लिहिताना नणंदबाईंनी दोनदा डोकावून विचारले, "वहिनी, एवढं काय लिहितेस? किराण्याची यादी असेल तर साबण लिही." साबण वेगळ्या कागदावर लिहिला आहे.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सज्जा, यजमानांनी निवृत्तीच्या पैशातून माझ्या नावावर घेतलेले. हे थोरल्या मुलाला द्यावे. अट एकच. यजमानांची बहीण, म्हणजे मुलांची आत्या, हयात असेतो याच घरात मागच्या खोलीत राहील. तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि तिला "थोडे दिवस" म्हणून कुठे हलवू नये.

हे लिहावे लागते, कारण मागच्या भेटीत थोरला म्हणाला, "आई, तुझ्यामागे आत्याची सोय वृद्धाश्रमात करू. तिथे लाईट, गरम पाणी, सगळं फुकट. तुला तर आवडेल." सूनबाई हसल्या. मला हसू आले नाही. जन्मभर मी खोल्याखोल्यांतून दिवे मालवत फिरले, ते या घरातल्या माणसांना कोणाच्या दारी जावे लागू नये म्हणून. फुकट मिळते म्हणून नव्हे.

२. शिलाई मशीन नणंदबाईंचेच आहे, तेव्हा ते मी देणारी कोण? पण नोंद असावी. दिवसा दिवा लावायचा नाही हा या घरचा नियम. त्यामुळे नणंदबाई सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी पुढच्या खोलीत आणि कलत्या उन्हाला सज्जात, असे मशीन ढकलत शाळेचे गणवेश शिवत. फरशीवर त्याचे चरे आहेत. ते गणवेश शिवून थोरल्याचे कॉलेज झाले, हे त्याने सूनबाईंना सांगितले नसेल तर आता सांगावे. समोर उंच इमारत उठल्यापासून आमच्याकडे ऊन येत नाही आणि नणंदबाईंना सुईचे नाक दिसत नाही. म्हणून मागच्या खोलीत नवा दिवा बसवला आहे. तो दिवसाही चालू राहील. कोणी मालवू नये. बिल माझ्या पोस्टातल्या व्याजातून भरावे.

३. गीझर कोणाला देता येत नाही, कारण तो राहिलेला नाही. त्याच्या बटणातला तांबडा ठिपका उगीच वीज खातो म्हणून मी वायरमनकडून तो काढून घेतला होता. बटण असे, की एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद. गावाला निघताना मी दाबून बंद केला. मागून नणंदबाईंनी खात्री म्हणून पुन्हा "बंद" केला. दोन दिवसांनी आलो तर गीझर जळून कोळसा.

"वन्सं, तुम्ही हात कशाला लावलात?"

"तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून!"

वायरमन म्हणाला, "काकू, तुमच्याएवढी काटकसर मला परवडायची नाही." त्या दिवशी हसलो तेवढ्या आम्ही दोघी पुन्हा हसलो नाही. आता पाणी गॅसवर तापते, झाकण ठेवून.

४. धाकट्या मुलीला माझ्या बांगड्या आणि कुकर. घर मागितले नाहीस, बाळ, हे मी जाणते. सासूसासरे सोडून तुला येता येत नाही, हेही जाणते. सोबत माझी रीत घे. कडधान्य भिजवल्याशिवाय शिजवू नकोस. फ्रीज भिंतीला चिकटवू नकोस, गरम भांडे आत ठेवू नकोस. इस्त्री रोज एका कपड्यासाठी तापवू नकोस; आठवड्याची एकदम कर, आणि रुमाल शेवटी, बटण बंद केल्यावर. टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद कर. पटेल तेवढे घे. मी कंटाळले आता सांगून.

५. एअरकंडिशनर खोक्यातच आहे. तो सूनबाईंनी परत न्यावा. दुपारी पडदे ओढावेत, पंख्याची पाती पुसावीत, तरी उकडले तर खुशाल लावावा.

६. आमच्या घराला "अंधारकोठडी" म्हणणाऱ्या शेजारणीस उरलेला एक एलईडी दिवा. तिच्या जिन्यात अजून जुना पिवळा बल्ब जळतो.

७. पहिल्या कलमाची अट थोरल्याला मान्य नसेल, तर घर नणंदबाईंच्या नावे व्हावे. पण भाच्याशी कोर्टात उभे राहण्याचे त्यांचे वय नाही, आणि तो "जा" म्हणाला तर त्या भांडणार नाहीत. पिशवी भरतील. म्हणून त्याचा होकार मला डोळ्यांनी बघायचा आहे.

लिहून ठेवणार: सही.
साक्षीदार: वायरमन, सही. औषधाचे दुकानदार, सही. ज्याला मिळायचे त्याने साक्ष देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून नणंदबाईंची सही नाही.
स्थळ: राहते घर. दिनांक: १४ नोव्हेंबर.

थोरल्यास,
याची नक्कल तुला पाठवते आहे. पहिले कलम मान्य आहे की नाही, तेवढेच लिही. फोन करू नकोस. मला कमी ऐकू येते, आवाज मोठा ठेवावा लागतो, आणि तुझी आत्या जवळच बसलेली असते. तुझे उत्तर "नाही" असेल, तर ते तिच्या कानावर पडायला नको. टपालाला आठवडा लागतो. तेवढी मी थांबते. उलट टपाली कळव.