हाकेला येणाऱ्या एकतीस गायी

३ ऑक्टोबर, रविवार
चर्चच्या आवारात गाडी लावत होतो, तर पाद्रीबाबा प्रार्थना मध्येच थांबवून उभे. मी इंजिन बंद केलं, मग पुढं सुरू. ओपल म्हणते, गेली चार वर्षं हेच चाललंय, तुला आज कळलं. बायको आहे, काहीही बोलते. पण पिकअपच्या सायलेन्सरची गंजून चाळण झालीय हे खरं. मागचं टोक हँगरच्या तारेनं बांधलंय. मीच बांधलंय, आणि उत्तम बांधलंय.
ठराव: नवीन सायलेन्सर. पूर्ण अभ्यास करून. ७९ सालच्या पिकअपला काहीही लावून चालत नाही.

त्याच दिवशी, दुपारी
विचिटाहून कोरीनचा फोन. लेकीचं तेच दळण. डॅडी, तू एक्काहत्तरचा, गुडघा बदललेला, गायी विकून टाक. म्हटलं, कष्ट कसले त्यात? एकतीसच्या एकतीस गायी माझ्या एका हाकेला येतात. ना कुत्रा, ना घोडा, ना हॉर्न. पिकअप घेऊन फाटकाशी जातो, "सूऽऽक, बॉऽऽस" म्हणतो, की टेकडीपलीकडून धावत सुटतात. माया आहे ती. त्यावर ती म्हणाली, ठीक आहे, सात नोव्हेंबरला येते, एकट्यानं गोळा करून दाखव. जमलं तर हा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर त्याच आठवड्यात गायी बाजारात. मी जागच्या जागी कबूल. माझ्या डाव्या हातचा मळ.

५ ऑक्टोबर
अभ्यास सुरू. नळी एक की दोन? अडीच इंची की तीन? सायलेन्सरच्या जाती तीन. सरळ नळीचा, तो भुंकतो. आत कप्पे असलेला, तो घुमतो. तिसरा शांत, तो म्हाताऱ्यांसाठी. मला घुमणारा हवा. दोन नळ्या, तीन इंची. ठरलं.
समोरचा हार्लन कुंपणाशी आला. त्याचाही पिकअप ७९ चा, माझ्याच कंपनीचा. त्याचा सायलेन्सर उन्हाळ्यात ओढा ओलांडताना पडला, तेव्हापासून तसाच फिरतोय. मी निवड समजावून सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "व्हर्लिन, गायींना विचारलंस का?"
याला हा माणूस विनोद म्हणतो.

९ ऑक्टोबर
टिल्डाच्या दुकानात. नवरा गेल्यापासून सायलेन्सरचं दुकान तीच चालवते. माझ्या गाडीचं इंजिन तिनं डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, एकच नळी, अडीच इंची, शांत सायलेन्सर. दोन नळ्यांनी या इंजिनाला काही मिळायचं नाही, आणि घुमणारा लावलास तर हायवेवर तासभर कानात भुंगा. मी म्हटलं, भुंगा कुणाला आणि संगीत कुणाला, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न. तिनं घुमणाऱ्याचा नमुना ऐकवला. दुकानाची काच थरथरली. अंगावर काटा आला. हाच.

११ ऑक्टोबर
ओपलनं विचारलं, आपल्या स्वयंपाकघराचीही काच थरथरेल का? प्रामाणिक माणूस असल्यानं हो म्हणालो. मग गोठ्यात झोपायची तयारी ठेव, म्हणाली.
नव्यानं विचार केला. एक नळी, अडीच इंची, शांत. ओपलचा याच्याशी काही संबंध नाही. या वयात माणसाला भारदस्तपणा शोभतो.

१६ ऑक्टोबर
बसवला! गाडी चालू आहे की बंद, हे बघायला दोनदा बोनेटवर हात ठेवावा लागला. चुलीपाशी मांजर घुरघुरावं तसं इंजिन. जुना सायलेन्सर भंगारात टाकणार होतो, पण हार्लन म्हणाला, माझ्या गाडीला चालेल. देऊन टाकला. मनाचा मोठेपणा. वर हँगरची तारही दिली.

१७ ऑक्टोबर
चर्चमध्ये गेलो ते कुणाला कळलंच नाही. प्रार्थना थांबली नाही. चमत्कारिक वाटलं. घरी आलो तर कॉफी तयार नाही. ओपल म्हणते, गाडी वळणावर ऐकू आली की मी कॉफी टाकायची, आता काय कपाळ ऐकू?

१९ ऑक्टोबर
खुराकाची पोती घेऊन कुरणावर. हाक मारली. एकही गाय आली नाही. वारा उलटा होता.

२१ ऑक्टोबर
वारा नव्हता. गायीही नव्हत्या. या वर्षी गवत फार गोड आहे, त्यांना खुराकाची किंमत राहिली नाही.

२४ ऑक्टोबर
घसा बसलाय, ते कारण. ओपलनं मध आणि लिंबू दिलं. देता देता विचारलं की आजवर तू हाक मारायचास तेव्हा गाडी चालूच असायची ना? या प्रश्नाचा इथं काय संबंध? बायकांचं तर्कशास्त्र.
पायी टेकडीपलीकडं गेलो. सगळ्या मजेत रवंथ करत बसल्या होत्या. पॅन्सीनं मान वर करून पाहिलं. अठरा वर्षांची आहे, तिला मी बाटलीनं दूध पाजलंय. पाहिलं आणि परत मान खाली.
गुडघा दुखतोय.

२८ ऑक्टोबर
विश्वासघात. हार्लन रस्त्यानं चालला होता आणि माझ्या एकतीसही गायी कुंपणाच्या आतून त्याच्या गाडीला समांतर धावत होत्या! शेपट्या वर! हा चोरून खुराक घालतोय, दुसरं काय? तडक जाऊन विचारलं. शपथेवर म्हणाला, मी फक्त पोस्टात चाललो होतो. मग खाली वाकून माझ्या जुन्या सायलेन्सरवर बोटानं टकटक केलं.
हास्यास्पद. डब्यावर कुणी माया करत नाही.

२ नोव्हेंबर
हार्लनकडं सायलेन्सर परत मागायचा? शक्य नाही. मग इतकी वर्षं गायी कशाला येत होत्या, हे कबूल करावं लागेल.
नव्या सायलेन्सरला ड्रिलनं तीन भोकं पाडली. केवळ प्रयोग. किटलीसारखी शिट्टी वाजते. गायींनी एकदा पाहिलं.

५ नोव्हेंबर
आणखी चार भोकं. आता दोन किटल्या.
रोज सकाळी हाकेचा सराव. ओपल आत बहिणीशी फोनवर बोलते आणि मध्येच तोंडात पदर कोंबल्यासारखी हसते.
परवा कोरीन येणार. झोप नीट लागत नाही. या गायी गेल्या तर सकाळी उठून मी जायचं कुठं?

७ नोव्हेंबर, रविवार
कोरीन आली. चिकन-नूडल्स झाले, ॲपल पाय झाला, मग फाटकाशी. गाडी चालू केली. शिट्टी. हाक मारली. पुन्हा मारली. पाव तास मारली. टेकडीवर फक्त गवत. कोरीन आपल्या बुटांकडं बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "डॅडी, पुरे." तिनं माझा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं. वारा बोचरा होता.
आणि तेवढ्यात तो आवाज. फुटका, खोकरा. हार्लनचा पिकअप वळणावर. ओपलनं फोन केला असणार. टेकडीच्या माथ्यावर आधी पॅन्सी, मग सगळ्या, धुरळा उडवत. मला ओलांडून सरळ गाडीकडं! पॅन्सीनं सायलेन्सरशी नाक नेऊन वास घेतला.
कोरीन हसत हसत फाटकावर टेकली. ओपल हसली. हार्लन तेवढा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. खाली उतरून म्हणाला, "घेऊन जा रे तुझा डबा. नाहीतर या माझ्याकडं राहायला येतील."
कोरीन म्हणाली, यात एकटा तू कुठं होतास? पण उद्या संध्याकाळपर्यंत आहे मी. अजून एक संधी.

८ नोव्हेंबर
सकाळी टिल्डाकडं अदलाबदल. नवा हार्लनच्या गाडीला. भोकं बघून तिनं नवऱ्याच्या फोटोकडं एकदा पाहिलं. जुना माझ्या गाडीला, तारेसकट.
दुपारी चार. कोरीन कुंपणावर घड्याळ घेऊन. मी एकटा गाडी घेऊन फाटकाशी. एकतीसच्या एकतीस, चार मिनिटांत! कोरीननं शब्द पाळला. जाताना गळ्यात पडून म्हणाली, गायी राहू देत. विषय बंद.
शेवटी आवाजाची ओळख ती ओळख. एवढ्या वर्षांची हाक अशी वाया जात नाही, हे आज सिद्ध झालं.

रात्री, जेवणानंतर
आत्ता आठवलं. गडबडीत हाक मारायची राहूनच गेली.