बदकांसाठी मागे राहिलो

३ सप्टेंबर २००६, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून आयुष्याला दिशा आली. टेम्पोतून उतरवले : सहा बदकं, नऊ कोंबड्या, एक कोंबडा. बायको इंदू म्हणाली, कोंबड्या ठीक हायत, बदकं कायले? तिला सांगितलं, बदक हा दूरदृष्टीचा विषय आहे.
माझ्याबद्दल थोडक्यात. बाबाराव. बावीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. ढिगात हात घातला की डोळे मिटून ग्रेड सांगायचो. आता कापूस केंद्रावर येतच नाही, सगळा व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. साहेब म्हणाले, बोलावू तेव्हा या. दोन हंगाम झाले, बोलावलं नाही. हरकत नाही. बोरी अरबजवळ इंदूच्या नावचं दोन एकर आहे, टिनाचं घर आहे, विहीर आहे. नोकरीत माणूस वाया जातो.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

४ सप्टेंबर
सव्वाआठला उठलो. कोंबडा आरवलाच नाही. इंदू म्हणते चार वेळा आरवला. तिची झोप मुळातच हलकी.

६ सप्टेंबर, दुपार
बाजेवर बसून दोन तास बदकांचं निरीक्षण. फार छान वाटतं. एकामागे एक चालतात, पुढच्याचं काही चुकलं तर मागचे पाचही तेच चुकतात. पाणी पितात आणि मान वर करून थांबतात, जणू काही आठवायचा प्रयत्न चालू आहे. केंद्रावर कोणी माझ्याकडे असं शांतपणे पाहिलं नव्हतं. सगळ्यांत मोठी पांढरी माझ्याकडेच बघते. तिला माणूस कळतो.
इंदूने विचारलं, विहिरीवरचा दोर बदलला का. निरीक्षणात होतो.

८ सप्टेंबर
बदकं अंडी कुठेही टाकून पुढे निघून जातात. आईपण त्यांच्या स्वभावात नाही. आपली तांबडी कोंबडी खुडूक झाली होती. तिच्याखाली बदकाची सात अंडी ठेवली. इंदू म्हणाली, बिचारीले फसवून राह्यले तुम्ही. मी म्हटलं, कोंबडीला फसवलेलं कळत नाही.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
मोठं यश. बदकं दिवसभर नाल्यावर असतात. सहा वाजता पुढच्या दारी, विहिरीजवळ उभा राहून शिट्टी मारली. सहाही रांगेत घरी. आठवड्याच्या आत ट्रेनिंग पूर्ण. त्याच वेळी इंदू मागच्या दारी कोंड्याचं घमेलं वाजवत होती. त्या गोंगाटातही माझी शिट्टी त्यांनी बरोबर ओळखली.

१७ सप्टेंबर, रविवार
बदक-कपाशी योजनेचं प्रात्यक्षिक. योजना अशी : कपाशीतली अळी बदकं खातील, फवारणी बंद. यशस्वी झाल्यावर जिल्ह्याला कळवायचं. शेजारच्या शेतातला उत्तमसिंग याला मुद्दाम बोलावलं. माणूस चांगला, तांड्यावरचा, पण विचार लहान. म्हणाला, "भाऊ, अळी त बोंडात हाय. बदक झाडावर चढन का?" अशाने विदर्भ मागे राहिला.
बदकं सोडली. कपाशीच्या सहा ओळींतून इकडेतिकडे न बघता सरळ गेली. इंदूच्या वाफ्यातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, खाल्ला, पूर्ण. मग नाल्यावरच्या बंधाऱ्यात उतरली. उत्तमसिंग तंबाखू मळत होता.
निष्कर्ष : यंदा अळीचा दर्जा कमी आहे.

२४ सप्टेंबर
दसऱ्याला नागपूर. यंदा दीक्षेला पन्नास वर्षं. वस्तीतून ट्रक जाणार आहे. इंदूने पांढरं पातळ धुऊन, नीळ देऊन, घडी करून ठेवलं. माझा सदराही शेजारीच. म्हणाली, तिची आई आर्णीवरून थेट येणार आहे, तिथेच भेटू.
मी सांगितलं, मला जमेलसं दिसत नाही. पाखरांचं काय? ती म्हणाली, दोन दिवस उत्तमभाऊ पाहतील. हसू आलं. पाखरं परक्या हातचा दाणा घेत नाहीत. त्यांना माझी सवय. शिवाय अंडी उबवायला आहेत, उंदीर-मुंगूस येऊ शकतो. जबाबदार माणूस असा उठून जात नाही.
ट्रकमध्ये केंद्रावरचे जुने हमालही असणार. सध्या काय करता विचारणार. त्याचा याच्याशी संबंध नाही. फक्त नोंद.

२८ सप्टेंबर
इंदू आज पुन्हा बोलली. "पन्नासावं वर्ष अजून एकदा येनार हाय का?" मी म्हटलं, बदकंही पुन्हा पुन्हा येत नाहीत. उत्तर तयार होतं म्हणून दिलं. नंतर वाटलं, नीट बसलं नाही.

१ ऑक्टोबर, सकाळ
ट्रक आला. इंदूच्या हातात पिशवी, भाकरीचं फडकं. वर चढल्यावर तिने विचारलं, "जागा हाय अजून. येता का?" मी बदकांकडे बोट दाखवलं. बदकं तेव्हा तिथे नव्हती.
दोन दिवस शांतता. मी आणि माझी पाखरं. केलेल्या त्यागाबद्दल समाधान.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ
६.०० शिट्टी मारली. बदकं नाहीत. वारा उलटा असावा.
६.१५ पुन्हा शिट्टी. एकही नाही.
६.३० बंधाऱ्यापर्यंत गेलो, जवळून शिट्टी मारली. पांढरीने माझ्याकडे पाहिलं आणि डोकं पाण्यात घातलं.
६.४५ तोंड कोरडं पडलं. तेवढ्यात उत्तमसिंग पलीकडून आला. हातात घमेलं. दोनदा वाजवलं. सहाही बाहेर आली, अंग झटकून रांगेत त्याच्या मागे त्याच्या घरी गेली. माझ्या पायावरून गेली.
आठवडाभराचं ट्रेनिंग. दगा.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी उत्तमसिंगकडे जाब विचारायला गेलो. सौम्यपणेच विचारलं की दुसऱ्याची बदकं पळवणं शोभतं का. तो चहा टाक म्हणून बायकोला सांगून आला आणि म्हणाला, "वहिनीनंच कोंडा देऊन ठेवला होता भाऊ. म्हनल्या, मी नसली की बदकं घरी आनायले कोनी पाह्यजे. यायले सांगू नका, यायले वाटते ते शिट्टीनं येतेत."
'यायले' म्हणजे मी.
म्हणजे रोज संध्याकाळी मी पुढच्या दारी शिट्टी मारत होतो आणि ती मागच्या दारी घमेलं वाजवत होती. तीन आठवडे. आणि घमेलं उत्तमसिंगचं नव्हतं, आमचंच होतं.
चहा घेतला, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. त्याच्या टीव्हीवर नागपूर दाखवत होते. पांढरं पातळ, पांढरं पातळ, जिथवर नजर जाईल तिथवर. उत्तमसिंग म्हणाला, वहिनी दिसतात का पाहू. आम्ही दोघं जवळ जाऊन पाहत बसलो. नाही दिसली. तो म्हणाला, "तुम्ही काहून नाही गेले भाऊ?" मी म्हटलं, बदकं. तो खिडकीतून आपल्या अंगणातल्या माझ्या बदकांकडे पाहत राहिला.
बायकोने विश्वासघात केला. शेजाऱ्याने साथ दिली. बदकांबद्दल बोलायलाच नको.

३ ऑक्टोबर
इंदू परत आली. आवाज बसलेला, पाय सुजलेले, चेहरा मात्र असा की मी ओळखला नाही. ठरवलं : चार दिवस तिच्याशी अबोला. तिला कळलं पाहिजे.

४ ऑक्टोबर
तिला कळलेलं नाही. दिवसभर वस्तीतल्या बायका येऊन बसतात. सगळ्यांना सगळं सांगते. मी आलो की खाली बसलेल्या बायका उगाच काळजीने बघतात.

६ ऑक्टोबर
अबोला मोडावा लागला. पिल्लं निघाली. सातपैकी पाच. पिवळी, ओली, चोच म्हणजे नुसतं बटण. मी ओरडून इंदूला बोलावलं. दोघं खुराड्यापुढे उकिडवे बसलो. एक पिल्लू माझ्या तळहातावर झोपलं. अर्धा तास हात हलवला नाही. इंदू म्हणाली, हात दुखन. म्हटलं, दुखू दे.
उद्यापासून बदकांच्या नव्या पिढीवर लक्ष. जुनी पिढी बिघडलेली आहे.

९ ऑक्टोबर
पिल्लांना पाण्यापासून लांब ठेवायचं, जमिनीवर वाढवायचं, म्हणजे कपाशीच्या कामी येतील, असं ठरवलं होतं. आज सकाळी पाचही गुरांच्या हौदात. पोहत होती. कोणी शिकवलं नाही. तांबडी कोंबडी हौदाच्या कडेने गोल गोल पळत होती, ओरडत होती, पंख आपटत होती. अठ्ठावीस दिवस पोटाशी धरलं होतं तिने. पिल्लांनी वळूनही पाहिलं नाही.
मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिला समजावलं की असंच असतं. इंदू दारातून बघत होती. म्हणाली, तुम्ही कोनाशी बोलून राह्यले? म्हटलं, कोणाशी नाही.

११ ऑक्टोबर
बोरी अरबला ज्वारीची कणी आणायला गेलो. तीन लोकांनी अडवून विचारलं, ताप उतरला का. चौथा केंद्रावरचा जुना हमाल, त्याने तर हातात हात घेतला. म्हणाला, "साहेब, फार वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या दिवशी तुम्ही अंथरुणात." मला काहीच कळेना. हो हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
घरी येऊन इंदूला विचारलं. ती सोयाबीन निवडत होती. मान वर केली नाही.
"मीच सांगतलं. उभे दिसले तरी टायफाइड हाय म्हणून."
मी म्हटलं, अख्ख्या तालुक्यात मला आजारी पाडलंस? खोटं कशासाठी?
"मंग काय सांगू? बदकांसाठी थांबले म्हणू?"
यावर चांगलं उत्तर नक्की आहे. सकाळपर्यंत सुचेल.

१२ ऑक्टोबर
सुचलं नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार
अकराच्या एसटीने सासूबाई आल्या. पंचफुलाबाई. वय ऐंशीच्या वर. आर्णीवरून एकट्या, गाडी बदलून, फाट्यापासून पायी. माझी तब्येत पाहायला. पिशवीत मोसंबी.
इंदूने त्यांना लांबून येताना पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी बाजेवर आडवा झालो आणि अंगावर वाकळ घेतली. बाहेर अश्विनातलं ऊन, वर टिन. घाम इतका आला की सासूबाईंची खात्री पटली. पदर ओला करून त्यांनी माझ्या कपाळावर ठेवला.
आणि बसून सांगायला लागल्या. आज तारखेनं दीक्षेला बरोबर पन्नास झाले म्हणाल्या. तेव्हा इंदू नऊ महिन्यांची होती. तीन दिवस पायी वर्ध्यापर्यंत, तिथून रेल्वेने नागपूर, कडेवर इंदू. तिला ताप होता. सगळे म्हणाले, लेकरू आजारी हाय, तू मागे राह्य. "म्या म्हनलं, नाही राहत. मेलं त तिथं मरन." मैदानात तिला वर उचलून धरलं होतं, तिलाही दीक्षा लागू व्हावी म्हणून. यंदा त्याच मैदानात दोघी पुन्हा उभ्या होत्या. "तुम्ही नसले तरी तुमची जागा धरून ठेवली होती जवाईबापू. पिशवी ठेवून. लोकं म्हनत होते, सरका. इंदू सरकली नाही."
एकोणतीस वर्षं संसार झाला. हे कडेवरचं मला माहीत नव्हतं. इंदूने कधी सांगितलं नाही. की मी विचारलं नाही. ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती.
सासूबाई म्हणाल्या, "म्या साऱ्यांइले सांगतलं, आमचे जवाई तापानं फणफणून राह्यले, नाही त मागे राहनारा मानूस नाही तो."
मी वाकळ गळ्यापर्यंत ओढली.
तेवढ्यात दारातून बदकं आत आली. सहाही. भर दुपारी, शिट्टी नाही, घमेलं नाही. रांगेने बाजेपर्यंत आली. पांढरीने वाकळीची कड चोचीत धरली आणि मान वर करून माझ्याकडे पाहत उभी राहिली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा आपणहून माझ्याकडे आली.
सासूबाईंनी विचारलं, "हे कोनाचे हायत?"
इंदू वळली. माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, "उत्तमसिंगचे."
"मंग तुमच्यापाशी कशे आले?"
"चुकले असतील."
पांढरी हलली नाही. इंदूनेही त्यांना हाकललं नाही. सासूबाईंनी कपाळावरचा पदर उलटा करून पुन्हा ठेवला, हाताने गाल तपासला. म्हणाल्या, ताप उतरून राह्यला.
मी हो म्हटलं.