हिरवी वायर

१८ मार्च
ऊन आत्ताच चटके देतंय. गल्लीत कूलर बाहेर निघाले, जुन्या गवताचे ढीग फाटकाफाटकाशी. माझे फोन दरवर्षीसारखे सुरू. "मॅडम, गवत कसं भरायचं?" वरून ठासून भरा, सैल भरलंत तर ओलं होऊन खाली बसेल आणि फटीतून गरम वारा घ्याल. टाकीला आतून डांबर, वाळायला दोन दिवस. सगळ्यांना सांगितलं. निवृत्त झाले तरी अकोल्यातल्या या गल्लीची फुकटची मिस्तरीण मीच.
आपला कूलर मागच्या अंगणात, खिडकीशी, ताडपत्रीखाली. तिकडे गेले नाही.

२१ मार्च
दु. अडीच. नुसती पडले होते, झोप नव्हती. मागे बादलीची कडी वाजली. ह्यांची स्टीलची बादली. उठून खिडकीतून पाहिलं तर बादली नळाशी उपडी, दहा महिने आहे तशीच. अंगणात पाखरूसुद्धा नाही. मांजर असेल म्हटलं. पण मांजर कडी उचलून सोडत नाही.
तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता कडी वाजली की घाम फुटतो. लाज वाटते.

२६ मार्च
अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकलं. आपली काळी माती उन्हाळ्यात तडकते. खड्डा कोरडा पडला की आतलं मीठ-कोळसा असून नसल्यासारखं, करंट जमिनीत जाणार कसा? लोक अर्थिंग करतात आणि विसरतात. उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या, हे मी सगळ्यांना बजावते.
आमच्याकडे हे काम ह्यांचं होतं. अकोटच्या कापूस-जिनिंगमध्ये नोकरी, रोज एसटीनं ये-जा, पण रविवारी खड्ड्यात पाणी म्हणजे पाणी. "वायरी तुह्या, पानी माह्यं," म्हणायचे. गेल्या मेमध्येही टाकलं होतं. मी पाहिलंय. त्यांचं काम त्यांनी केलं होतं.

३१ मार्च
शेजारच्या नसीमआपा दारात. "मॅडम, जरा आमचा कूलर पाहा न. पंप नुसता घूं घूं करून राहिला, पानी चढतच नाही." वर्षभर टाळलं, आज नाही म्हणवेना. पंपात केस आणि गवत अडकलं होतं. साफ केला, सुरू झाला. झाकण लावायच्या आधी अर्थिंगची हिरवी वायर ओढून पाहिली. लावलं. परत उघडलं, परत ओढून पाहिली. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा आपांनी माझा हात धरला. "बस, मॅडम. हो गया."
निघताना सांगायचं होतं, पाणी भरताना प्लग काढत जा. चपला घालत राहिले. त्याच म्हणाल्या, "प्लग निकाल के भरती मैं. अब सब निकालते." म्हणजे ह्यांच्यापासून.

४ एप्रिल
आज लिहूनच टाकते. डोक्यात ठेवून काही उपयोग नाही.
गेल्या वर्षी १० मे. पंप बदलत होते. जुना काढताना हिरवी वायर सोडवावी लागली, ती बॉडीच्या स्क्रूलाच होती. नवा पंप बसवला. तेवढ्यात घरात फोन वाजला. पल्लवीचा, सासरहून, अंजनगावहून. कैरीच्या लोणच्याला मीठ किती. बोलणं लांबलं, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच. परत आले, झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. मधलं आठवत नाही. हिरवी वायर परत लावली की नाही, तेवढंच आठवत नाही.
११ मे, दु. अडीच. पाणी संपलं म्हणून हे बादली घेऊन मागे गेले. कडी वाजली, मग काहीच वाजलं नाही.
पंचनाम्याला आलेल्यांनी वरूनच पाहिलं. चालू कूलरमध्ये पाणी भरलं म्हणून शॉक, असं लिहिलं. तेरवीला सगळे तेच. "शिकलेला मानूस, चालू कूलरमंदी पानी टाकते का!" मी खाली मान घालून ऐकलं. एकदा तर हो म्हटलं. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळी झाले. ते काय बोलणार होते?
फोन तिचा होता हे पल्लवीच्या लक्षात नाही. येऊही नये.

१२ एप्रिल
पल्लवीचा फोन. सातवा लागला. बाळंतपणाला ३ मेला येते. "आई, तो कूलर काहून ठेवला अजून? मले पाहवत नाही. भंगारवाल्याले देऊन टाक, आपण नवा घेऊ." म्हटलं, देते.
दिला की संपलं. कुणी कधी उघडणार नाही, मला कधी कळणार नाही. कितीदा तरी हेच हवंसं वाटतं.

२० एप्रिल
भंगारवाला आला, ताडपत्री त्यानंच ओढली. गवत गेल्या वर्षीचं, वाळून काळं. तरी वास आला, ओल्या गवताचा, गार. टाकीत हात घातला. कोरडी ठणठणीत, तळाला धूळ. मग वास कुठून?
तो कूलर उचलायला वाकला आणि मी ओरडले. "हात नको लावू!" प्लगच नाही त्याला, मीच काढून टाकलाय, काय होणार होतं? बिचारा घाबरला. "बाई, नाई द्यायचा तं बलावलं कायले?" चहा पाजून पाठवला.

२९ एप्रिल
उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया, पितरांना घडा घालायची. ह्यांच्या नावाची पहिली. घडा आणला, पुरणाची डाळ निवडली. दीर अकोटहून सकाळी येतील.
दुपारी मागे गेले. झाकणाला चार स्क्रू. तीन निघाले, वाटीत ठेवले. चौथा गंजलाय, हलत नाही. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला.

३० एप्रिल
पान वाढलं, घडा भरला, पन्हं ठेवलं. नैवेद्य दाखवायच्या आधी दीर म्हणाले, "दादानं चालू कूलरमंदी पानी टाकलं नसतं तं आज…"
मी म्हटलं, "भाऊजी, तसं म्हणू नका. कूलर मी उघडला होता. अर्थिंगची वायर परत लावली की नाही, मले आठवत नाही."
त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. घड्याकडे पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, "वयनी, आज कायले हे?" आजच, म्हटलं. ह्यांच्या पानापुढे खोटं किती वेळा ऐकायचं? भाऊजी जेवले, पण पोळी अर्धी टाकून उठले.
संध्याकाळी पल्लवीचा फोन. "आई, काका काय सांगून राह्यले?" सगळं सांगितलं. पंप, वायर, स्क्रू. फोनचं गाळलं. म्हटलं, मधे कामात लक्ष नव्हतं.
मग: "आई. तुह्यं लक्ष कशानं गेलं होतं?"
"आठवत नाही."
"त्या दिवशी मी फोन केला होता न? लोणच्याचा?"
नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. तेरवीला किती सहज हो म्हटलं होतं. आज नाही निघालं. काहीच निघालं नाही, आणि तिला तेवढं पुरलं. मग फोन बंद.

१ मे
सकाळपासून चारदा लावला. उचलत नाही. जावयांनी उचलला, म्हणाले, झोपली आहे. ३ तारखेचं त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.
ह्यांचं ओझं उतरवलं ते पोटुशी पोरीच्या डोक्यावर ठेवलं. वायर लावलेली निघाली तर तिचा फोन नुसता फोन राहील. सुटलेली निघाली तर मी तिला काय सांगू? आता पाहणं माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. आणि आताच हात उचलत नाही.
दु. अडीच. कडी वाजली नाही. वाट पाहत होते, हे खरं आहे.
खड्ड्यात दोन बादल्या टाकल्या, त्यांच्याच बादलीनं. मग चौथ्या स्क्रूवर खोबरेल सोडलं. गंजलेल्या स्क्रूला जोर लावू नये, डोकं झिजतं आणि मग तो कधीच निघत नाही. तेल मुरू द्यावं, सकाळी सुटतो. सगळ्या गल्लीला मीच सांगत आले.