घरच्यांपुरत्या जपानी कात्र्या

वरूड

श्री. नत्थुजी व्याहीबुवा यांस खुशालरावाचा मनापासून रामराम.

आपले गुडघे कसे आहेत? आमची आरती सुनेच्या नात्याने नीट वागत असेलच (न वागल्यास तिच्या आईला कळवावे, मला नको). जावईबापू श्यामरावांना आशीर्वाद. इकडे संत्र्याची तोड आटोपली, आरतीची आई सुभद्रा ठीक आहे आणि मी एकंदरीत सुखात आहे.

आता त्या कात्रीची हकीकत. झाडांची सल, म्हणजे वाळक्या काड्या, छाटायला जपानी कात्रीसारखी कात्री नाही, असं मोबाइलवर पाहिल्यापासून मला चैन पडेना. आरतीची मैत्रीण प्रणाली लोकांसाठी परदेशातल्या दुकानांतून खरेदी करते आणि पार्सल थेट ज्याचं त्याच्या नावाने मागवून देते. मी तिला एक कात्री सांगितली. बातमी पारावर गेली अन् झालं! शेजारचा शेषराव म्हणाला, "भाऊ, मायासाठीबी एक बोलावजा." मग धाकटा भाऊ चंद्रभान, मग साडू, मग सुभद्रेचे झाडून सारे मावसभाऊ. एकाला आणून दुसऱ्याला नाही म्हटलं, तर तो पुढच्या लग्नात पंगतीला बसत नाही, हे आपण जाणताच.

माझ्या नावाने आलेलं सगळ्या कात्र्यांचं पार्सल मुंबईला कस्टमने अडवलं. माल वैयक्तिक वापरासाठी आहे का, असं विचारलं होतं. मी प्रामाणिकपणे 'होय' लिहून कोणती कात्री कोणाची, ते नात्यासकट कळवलं. साहेबांचा फोन आला, "अहो, वैयक्तिक म्हणजे तुमच्या एकट्यापुरतं. हा तर व्यापारी माल झाला!" मी म्हटलं, "साहेब, सख्खा भाऊ का परका हाय? मी इकून नाई राहिलो, वाटून राहिलो!" साहेब हसले, पण कायदा काही हसला नाही. कर भरला, दंड भरला, वर साहेबांना पुढच्या बहाराला बगीच्यात यायचं आमंत्रण दिलं (माणूस चांगला होता).

कात्र्या वाटताना फार आनंद झाला. शेवटची माझी होती. तेवढ्यात आपण आलात, ती हाती घेतलीत आणि "वा!" म्हणालात. व्याह्याच्या तोंडून 'वा' निघाल्यावर वस्तू परत खुंटीला कशी लावायची? टोपी-दुपट्ट्याच्या आहेरासोबत दिली. मुळीच वाईट वाटलं नाही.

आपला,
खुशालराव

ता.क. : आपल्या जठारपेठेतल्या फ्लॅटला झाड म्हणजे गॅलरीतली तुळस. ती हातानेही खुडता येते. आमची छाटणी तोंडावर आली आहे.

ता.क. २ : सुभद्रेने पत्र वाचलं. व्याह्याकडून आहेर परत मागणं म्हणजे नाक कापून घेणं, असं ती म्हणते. तरी वरचा ता.क. वाचलाच नाही असं समजावं. आपण दोघांनी चार दिवस राहायला यावं, येताना कात्री आणावी, आणि जाताना, वयपरत्वे होतं तसं, ती इथेच विसरावी.