चेंडू तळ्यापलीकडे गेल्याबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप दाजी,

आपल्या जखमी अंगठ्याला धक्का लागू नये म्हणून या खेपेस हात न मिळवता दुरूनच साष्टांग नमस्कार. ताईच्या फोनवरून कळले, की बैठकीच्या खोलीत तसबीर लावण्याचे काम आपण पुन्हा हाती घेतले आणि हातोडी पुन्हा खिळा सोडून सर्वत्र बसली. (तसबीर कुणाची, हे ताईने सांगितले नाही, काच फुटल्यावर तिला ओळखू आली नसावी.) सूज उतरली का? ठणका कमी आहे ना? पट्टी इतक्यात सोडू नये. इकडे मी सुखरूप आहे. आपली कन्या माझ्याशी बोलत नाही, एवढे वगळल्यास तीही सुखरूप आहे. तिची बाजू आपल्या कानी आज ना उद्या येईलच. तत्पूर्वी घडले ते मुळापासून, क्रमाने समजावून सांगतो.

मूत्रपिंडाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या तिच्या प्रयोगशाळेत एक जुना फ्रीझर आहे. त्याचे दार लागत नाही. ते सुतळीने बांधून पुढे स्टूल टेकवलेले असते आणि स्टूल सरकू नये म्हणून त्यावर आळीपाळीने एकेक संशोधक बसतो. (मी गेलो तेव्हा आपली कन्या बसली होती, तिथेच तिने डबा खाल्ला.) आत शेकडो रुग्णांनी विश्वासाने दिलेले नमुने आहेत. ते वितळले, की या मुलांची कैक वर्षे वितळली. म्हणून नव्या फ्रीझरसाठी नामवंतांचा गोल्फचा सामना ठरला. नामवंत म्हणजे सिनेमात खलनायकी करणारे एक धिप्पाड नट, काही गायक आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्या एक बाई, ज्या स्वतःचा फटका हुकल्याचेही इतक्या निर्विकारपणे सांगत, की तो परदेशात हुकला असावा असे वाटे.

खरी मिळकत शेवटच्या खेळात होती. खलनायकांनी तळ्याच्या काठावरून टोपलीभर चेंडू पलीकडे मारायचे आणि पाण्यात पडणाऱ्या प्रत्येक चेंडूमागे एका गादी-कारखानदारांनी देणगी द्यायची. खलनायकांचा नेम जगजाहीर असल्यामुळे टोपली संपेतो फ्रीझर आलाच, असे सारे धरून चालले होते. हा नियम सभेत स्वच्छ सांगितला गेला. मी सभेला हजर होतो. परंतु त्या वेळी शेजारच्या गृहस्थांना गोल्फच्या चेंडूवर खळगे का असतात, हे सांगत होतो. (गुळगुळीत चेंडूमागे हवेचा रुंद, अस्ताव्यस्त पट्टा तयार होऊन तो चेंडूला मागे खेचतो; खळग्यांमुळे हवा चेंडूला अधिक काळ बिलगून राहते आणि तो पट्टा अरुंद होतो. किती सुंदर!) त्यामुळे माझ्यापर्यंत एवढेच पोहोचले, की पाण्यात पडलेले चेंडू मी मोजायचे. भाचीने बजावलेही होते, "मामा, फक्त मोजायचं. कुणाला काही समजवायचं नाही."

पहिला चेंडू तळ्यात पडला. टाळ्या झाल्या. दुसरा तळ्यात, आणखी टाळ्या. तिसऱ्याला कुणीतरी शिट्टी वाजवली. दाजी, शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याने हे कसे सोसावे? एक प्रौढ मनुष्य भर उन्हात अपयशी होतो आहे आणि सुशिक्षित समाज टाळ्या पिटतो आहे! मी मोजणी थांबवली आणि त्यांच्याजवळ गेलो. त्यांना म्हटले, आपण चेंडू वर उचलू पाहता, तेथेच घोटाळा होतो. काठीचे तोंड मुळातच तिरके आहे. उचलण्याचे काम तिच्यावर सोपवा. आपण डोके स्थिर ठेवून फक्त खाली मारा. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने चित्रपटगृहात मुले रडतात, ते गृहस्थ दोन्ही हात काठीवर जुळवून ऐकत राहिले आणि गहिवरून म्हणाले, "सर, शाळेत असं कुणी समजावलं असतं ना, तर सिनेमात गेलोच नसतो मी."

पुढचा चेंडू तळ्यावरून असा गेला, जणू पाण्याशी त्याची ओळखच नाही. त्यापुढचाही तसाच. मी टाळ्या वाजवल्या. (एकटाच वाजवत होतो, हे नंतर ध्यानात आले.) पलीकडच्या काठावरून भाची दोन्ही हात हलवत होती, मीही उत्साहाने हलवले. कारखानदारांचा चेहरा चेंडूगणिक उजळत चालला होता. शेवटी ती धावत, धापा टाकत आली आणि नियम तिने मला एका वाक्यात समजावला. (समजावण्याची हातोटी तिच्यात आहे, आमच्या घराण्याकडून आली असावी.) मग ती खलनायकांना म्हणाली, "काका, प्लीज, आता तरी चुका!" ते म्हणाले, "बाळ, प्रत्येक सिनेमात शेवटी मीच मार खातो. आज एक दिवस जिंकू दे की." आणि त्यांनी पुढचा चेंडू मांडला.

टोपली संपली. जमलेल्या पैशात फ्रीझरचे दार येईल, फ्रीझर येणार नाही, असे भाची म्हणाली आणि परत स्टुलावर जाऊन बसली. कारखानदारांनी मला मिठी मारून एक उशी भेट दिली. तिच्यावर झोप लागत नाही.

ताईस नमस्कार. प्रकृतीस जपावे.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. कारखानदार मनाने चांगले आहेत. प्रयोगशाळेतले ते स्टूल पाहिल्यावर त्यांनी येत्या रविवारी पुन्हा एक टोपली कबूल केली आहे. अट एकच: खेळाडू मुद्दाम चुकणारा नसावा, त्याने मनापासून नेम धरावा. असा माणूस कुठून आणायचा, या विवंचनेत सारे असताना मी आपले नाव सुचवले. आपल्या हातोडीचा इतिहास सांगताच ते एकमताने मंजूर झाले. आपल्या काठ्यांची पिशवी खलनायक स्वतः उचलणार आहेत. शनिवारच्या गाडीचे तिकीट सोबत जोडले आहे. कृपया नाही म्हणू नये.

ता. क. २ भाची त्या बातमीने पहिल्यांदा हसली. "बाबा? मग दोन फ्रीझर येतील," असे म्हणाली, मला नव्हे, माझ्यादेखत. मी सामन्यादरम्यान वाहनतळावर, काचा वर करून बसावे, असे ठरले आहे.

ता. क. ३ वर काठीच्या तिरक्या तोंडाविषयी जे लिहिले आहे, तो भाग वाचू नये. वाचला असल्यास, दाजी, आपल्या लेकीसाठी विसरावा.