पहिल्या पानाची काटकसर

गुरुजी, आधी तक्रार. तुमच्या टिपा फार लांब आहेत. एका श्लोकाला पाऊण पान, त्यात समासांचे विग्रह, आणि वर वाचणाऱ्याला चिमटा. छापखान्यातल्या खिळ्यांनी ते निमूट सोसले. मी मात्र तुमचे पुस्तक लोखंडी लेखणीने स्टेन्सिलवर उतरवले, आणि मधले बोट सुजून टम्म झाले. तुम्ही जाऊन बारा वर्षे झाली, तरी तिकडे याची नोंद व्हावी.

इलाज नव्हता. लढाईने कागद खाल्ला, पुस्तक पुन्हा निघाले नाही, आणि सांगलीच्या माझ्या वर्गात ते एकच, तेही माझे. शाळेच्या सायक्लोस्टाइलवर लागतील तेवढेच पाठ काढले, वर्गात वाटले, विकले नाहीत. तरी प्रकाशकांचे पत्र आलेच: हक्क आमचे, कोणाला विचारून प्रती काढल्या? हेडमास्तर म्हणाले, शिकवण्यापुरते घेतले, धंदा केला नाही, असे लिहा आणि एक प्रत जोडा. जोडायला प्रत हातात घेतली, तेव्हापासून उत्तर अडले आहे.

साताऱ्याची तुमची पाठशाळा. ओसरीवर मी तुमच्या वहीतून चोरून उतरवतो आहे आणि मागे तुम्ही उभे. वाटले, वही हिसकावणार. तुम्ही दौत पुढे सरकवलीत. "घे, सगळे घे. पण शेवटी कोणाच्या वहीवरून घेतलेस ते लिही. तेवढे गाळलेस, की चोरी." पुढे आम्ही प्रत्येक उताऱ्याखाली ती ओळ लिहीत असू, धोब्याच्या यादीखालीसुद्धा.

आणि आता एका स्टेन्सिलची बचत व्हावी म्हणून मी पहिले पान गाळले. तुमचे नाव त्यावरच होते. शेवटची ओळही राहिली, जागा नव्हती. बिननावाची ही प्रत शिकवण्यासाठी घेतलेली दिसत नाही, माझी म्हणून खपवलेली दिसते.

गेल्या सोमवारी म्हसवडकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "आवं मास्तर, टिपा लय झ्याक लिवल्यासा. कवा लिवता एवढं?" मी चष्मा पुसला आणि त्याला पुढचा श्लोक वाचायला सांगितला.

हे पत्र तुमच्याच पुस्तकात राहील, त्या पहिल्या पानाशी. प्रकाशकांची भीती नाही, गुरुजी. त्या मुलाने विचारले तेव्हा मला बरे वाटले. उद्या वर्गात सांगू, असे म्हणत आज आठवा दिवस आहे.